नारळाचे सव्वासतरा टन

चारुशीलानं नारळ कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "गेला हा. पाणी आटलं. हातात घेऊन तर पाहा हो, किती हलका झालाय." रविवारची सकाळ होती, मार्च लागला होता, अमरावतीत पंखे एकावरून तीनवर गेले होते. कमलाकांतनं चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि बायकोनं दिलेली वस्तू नवरे घेतात तसा, म्हणजे न बघता, तो नारळ घेतला. हात नारळाच्या वजनाची तयारी करून पुढे झाला होता. तेवढं वजन आलंच नाही, आणि हात उगाच वर गेला. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट फरशीच निघावी, तसं झालं. "संक्रांतीच्या ओटीतला आहे," चारुशीला सांगत होती, "तेव्हा चांगला दगडासारखा होता. दीड महिन्यात बघा. आता चटणी कशाची करू?" कमलाकांत हातातल्या नारळाकडे पाहत होता, पण त्याला दिसत होता तो दुसराच. लाल कापडात गुंडाळलेला, कोळशाच्या भुकटीनं काळवंडलेला, लोखंडी चौकटीला तारेनं आवळलेला. तो नारळ त्यानं गेली चार वर्षं कामावर रोज पाहिला होता. रोजच्या गोष्टी दिसेनाशा होतात हे त्याला ठाऊक होतं. त्या वाळतातही, हे आज कळलं. "मी आणतो नारळ," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला. चारुशीलाला जरा आश्चर्य वाटलं, कारण लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि नारळ आणायला तो स्वतःहून कधी उठला नव्हता.

कमलाकांत नागपूर रस्त्यावर, मोझरीच्या बऱ्याच अलीकडे, एका मोठ्या कंपनीत पर्यावरण विभागाचा प्रमुख होता. विभागात तो आणि एक प्रिंटर असे दोघे होते. कंपनी सूत काढायची, कापड विणायची, रंगवायची, आणि त्यासाठी लागणारी वाफ आणि वीज स्वतःच्या बॉयलरवर करायची. बॉयलर दिवसाला चारशे तीस टन कोळसा खायचा. हा कोळसा एका लांबलचक रबरी पट्ट्यावरून वर चढायचा, आणि वाटेत पट्ट्याखाली एके ठिकाणी काटा बसवलेला होता. पट्टा धावता धावता त्याच्यावर किती कोळसा चाललाय हे तो काटा सांगायचा. काट्याचा आकडा कमलाकांतच्या संगणकात यायचा, तिथे कोळशाचा कार्बन व्हायचा, कार्बनचा तक्ता व्हायचा, आणि तक्त्याचा मुंबईला गुळगुळीत कागदावर ग्रंथ व्हायचा. मुखपृष्ठावर दरसाल एका लहान मुलीच्या तळहातावर रोपटं असायचं. आत लिहिलेलं असायचं, की २०१९ सालाच्या मानानं कंपनी आपलं उत्सर्जन २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी उतरवणार आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणणार. २०५० साली कमलाकांत एकोणऐंशी वर्षांचा होणार होता आणि हे जाहीर करणारे सगळे त्याच्याहून वडील होते, त्यामुळे त्या शून्याबद्दल कंपनीत सगळे निर्धास्त होते. कमलाकांतचा जीव होता तो चार टक्क्यांत. २०१९ पासून उत्सर्जन चार टक्क्यांनी उतरलं होतं, कापड तेवढंच निघत असताना. तिसापुढे चार म्हणजे दसऱ्याच्या सोन्याइतकेच, पण हे चार त्यानं स्वतः काढले होते. सात वर्षं तो दुपारच्या जेवणानंतर, लोक डुलक्या काढतात त्या वेळी, नळांच्या जंगलात कान देऊन हिंडला होता. वाफ कुठून सुटते ते डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येतं, झोपलेल्या माणसाच्या नाकातून आवाज यावा तसं. गळती सापडली की तो खडूनं गोल काढायचा. गोल काढणारे साहेब म्हणून कामगार त्याला हसायचे. असे दोनशे अकरा गोल त्यानं काढले होते, आणि त्यांचे मिळून चार टक्के झाले होते. गेल्या वर्षी मुंबईच्या हॉटेलात याच चार टक्क्यांसाठी कंपनीला पुरस्काराचं काचेचं पान मिळालं. ते घ्यायला दुसरेच कोणी गेले, पण फोटो कमलाकांतला पाठवला.

आणि आता हा नारळ. कमलाकांत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे उभा राहिला आणि आत न जाता त्यानं खिशातल्या विजेच्या बिलाच्या मागे आकडे मांडले. वर्षातून एकदाच पट्टा थांबायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रं धुतली जायची, झेंडू यायचा, आणि काट्याच्या चौकटीला नवा नारळ बांधला जायचा, जुना निघायचा. पट्टा रिकामा मिळतो म्हणून त्याच दुपारी बाहेरचा माणूस येऊन काट्याचं शून्य लावायचा. म्हणजे काट्याला सांगायचा, की बाबा, आता तुझ्यावर जे काही वजन आहे ते काहीच नाही असं समज. काटा समजायचा. त्या काहीच नाहीमध्ये एक ओला, पाण्यानं भरलेला नारळ असायचा. मग बॉयलरच्या धगीत नारळ सुकायला लागायचा, दोनशे ग्रॅमनं तरी हलका व्हायचा, आणि काट्याला वाटायचं कोळसाच दोनशे ग्रॅमनं कमी आला. काटा पट्ट्याचा एक मीटर तोलायचा. पट्टा सेकंदाला एक मीटर पळायचा. म्हणजे सेकंदाला दोनशे ग्रॅम, तासाला सातशे वीस किलो, दिवसाला सव्वासतरा टन. रोज एक ट्रक कोळसा जळत होता आणि नोंदीत येत नव्हता. ढिगात तूट दरवर्षी निघायची, पण ती ऊन, वारा, चोर आणि मागचा ठेकेदार यांच्यात वाटून टाकायची पद्धत होती. सव्वासतरा भागिले चारशे तीस. कमलाकांतनं भागाकार दोनदा केला. चार टक्के आले. दुसऱ्यांदाही चारच आले. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ सर?" कमलाकांत म्हणाला, "काही नाही," आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळं एकाच गोष्टीवर टांगलेलं आहे. नारळ जर २०१९ च्या आधीपासून दरसाल बांधला जात असेल, तर काटा दरसाल सारखाच कमी बोलत होता. मग बेरीज सगळ्याच वर्षांची वाढेल, पण उतार खरा राहील, आणि दोनशे अकरा गोल खरे राहतील. पण २०१९ साली काट्यावर नारळ नसेल आणि नंतर आला असेल, तर कंपनीनं सात वर्षांत काहीही कमी केलेलं नाही, कमी झाला तो एक नारळ. आणि २०१९ साली नारळ नसायला एक सबळ कारण होतं. ते कारण म्हणजे कमलाकांत. २०१८ च्या दसऱ्याआधी, या खुर्चीवर नवा नवा आलेला असताना, त्यानं परिपत्रक काढलं होतं: यंत्रांवर हळद, कुंकू, तेल, हार, नारळ इ. वाहू नये. त्या 'इ.'चा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. कारण लिहिलं होतं सुरक्षिततेचं. पण लिहिताना त्याच्या नाकात वडिलांच्या पिशवीचा वास होता. वडील अंबापेठेत भिक्षुकी करायचे, आणि शाळेतून आल्यावर कमलाकांत त्यांच्या मागे पिशवी घेऊन जायचा. ओले तांदूळ, सुपाऱ्या, नारळ, सगळ्याचा मिळून एक दमट वास यायचा, तो शाळेच्या वहीलाही लागायचा. वडील नारळ घेताना टिचकी मारून बघायचे. हलका लागला की यजमानाला परत देत म्हणायचे, "हा देवाला नको. चटणीला घ्या." बारा वर्षांच्या कमलाकांतला त्या वेळी जमिनीत जावंसं वाटायचं. सत्तेचाळीस वर्षांच्या कमलाकांतनं परिपत्रक काढून ती पिशवी खाली ठेवली होती. पुढे परिपत्रकाला धूळ बसली, २०२२ साली काट्यापुढचा पत्रा काढून जाळी बसवली तेव्हा आत नारळ दिसला, आणि तो दिसल्यावर त्याला रागसुद्धा आला नाही. स्वतःचं परिपत्रक तो स्वतःच विसरला होता. जाळीच्या आधीची चार वर्षं पत्र्याआड काय होतं, हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. नत्थुजी, बॉयलरचे जुने अटेंडंट, तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन अकोल्याला डाबकी रोडला घर बांधून राहिलेले.

फोन करता आला असता. पण नत्थुजी फोनवर साहेबांना जे ऐकायचं असेल तेच सांगायचे; चौदा वर्षांत त्यांनी एकदाही, बॉयलर बंद पडलेला असतानासुद्धा, "सब ठीक आहे साहेब" याशिवाय वाक्य उच्चारलं नव्हतं. तोंड बघून विचारायला हवं होतं. आणि आजच विचारायला हवं होतं, कारण उद्या सोमवारी पुण्याहून देवश्री नावाची तपासनीस येणार होती, जी बाहेरून येऊन कंपनीचे आकडे खरे आहेत असं प्रमाणपत्र देते, आणि तिच्यापुढे कमलाकांतला सही करायची होती: वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण व सत्य आहे. सहा वेळा त्यानं ही सही केली होती. समजूत बदलली नव्हती तोवर काही अडचण नव्हती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, बडनेरा मागे पडलं आणि फोन वाजला. "मिळाला का नारळ?" चारुशीलानं विचारलं. "नाही अजून." "आहात कुठे?" "बडनेऱ्याच्या पुढे." पलीकडे कढईत काहीतरी चरचरलं. "बडनेऱ्याच्या पुढे नारळ," ती म्हणाली, प्रश्नचिन्ह न लावता. "आल्यावर सांगतो," तो म्हणाला. "सांगाच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती. कुठे कपाशीची पऱ्हाटी उपटून ढीग घातलेले, कुठे हरभऱ्याचा भुसा उडत होता. कमलाकांतच्या मनात एक सरळ, सभ्य, सुशिक्षित विचार आला, आणि तो इतक्या शांतपणे आला की त्याला त्याची भीती वाटली. विचार असा, की परत फिरावं. कोणालाही कधीही कळणार नाही. शून्य लावणारा माणूस प्रमाणपत्र देतो त्यात दाब, तापमान, तारीख, सगळ्याला रकाने आहेत. नारळाला रकाना नाही. देवश्री हुशार पोरगी आहे, पण ती पुण्याची, यंत्राला नारळ बांधलेला बघून ती फोटो काढेल, वजन करणार नाही. सात वर्षं खरेपणानं खडूचे गोल काढलेल्या माणसाला एवढी सूट असावी. मग त्याच्या लक्षात आलं की गळती बुजवताना तो कामगारांना नेमकं हेच म्हणू द्यायचा नाही: साहेब, एवढीशी त आहे. मूर्तिजापूरला बस थांबली. बाजूला शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीचे अरुंद रूळ गवतात पडले होते. लहानपणी आजोळी अंजनगावला जाताना तो त्या गाडीत बसायचा. पळत जाऊन पकडता येईल इतकी ती हळू होती, आणि धूर इतका की उतरल्यावर आजी आधी तोंड धुवायला लावायची. आता ती बंद होती. वऱ्हाडात निव्वळ शून्य खऱ्या अर्थानं गाठलं ते तिनं एकटीनं, आणि तिला कोणी काचेचं पान दिलं नाही. कमलाकांत खिडकीत हसला. शेजारच्या बाईनं पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली. बोरगाव मंजूला त्यानं ठरवलं की विचारायचं नाही, नुसती भेट घ्यायची, प्रकृती विचारायची आणि निघायचं. अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर ऊन एकदम डोक्यात बसलं, आणि ठरवलेलं सगळं त्यात वितळून गेलं.

"या या साहेब! काहून हो, इतक्या उन्नाचे?" नत्थुजी दारात उभे होते, बनियन आणि पट्ट्याची चड्डी, पाय अजूनही लोखंडी जिन्यावर उभं राहिल्यासारखे फाकलेले. "फोन त कराचा. पोट्टा धाडला असता गाडी घेऊन." आतून त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या, "साहेब आले म्हून तरी आंगात शर्ट घाला! साहेब, बसा. हे बुढं कोनाचं आयकत नाई." नत्थुजींनी शर्ट घातला, बटणं लावली नाहीत. पाणी आलं, मग चहा आला, चिवडा आला, श्याम आता बॉयलर कसा चालवतो याची निंदा झाली. श्याम म्हणजे नत्थुजींच्या जागी आलेला अटेंडंट. त्याचं एकच चुकायचं, की तो नत्थुजी नव्हता. कमलाकांत हुंकार भरत होता आणि चहाच्या कपाच्या कडेवर बोट फिरवत होता. मग त्याच्या तोंडून प्रश्न निघाला, आणि आवाज त्याला स्वतःलाच परिपत्रकासारखा वाटला. "नत्थुजी, काट्याला नारळ बांधायचे ना तुम्ही. माझं परिपत्रक आलं, दोन हजार अठराला. त्या वर्षी बांधला होता का?"

नत्थुजींचा चेहरा बंद झाला. कमलाकांतनं तो चेहरा पूर्वी पाहिला होता, दाबाची सुई लाल रेघेपाशी गेल्यावर. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग चिवड्याकडे, आणि शर्टाची बटणं लावायला घेतली, खालून वर. "नाई साहेब," ते म्हणाले. "कोनी सांगतलं तुमाले? नाई बांधला. तुमचा कागद आला होता ना. कागद म्हंजे कागद. त्या साली नाई, त्याच्या पुढच्या साली बी नाई. आपून कधी साहेबाच्या हुकमाभाईर गेलो नाई."

"बरं केलं," कमलाकांत म्हणाला. हे त्यानं म्हटलं नाही, चौदा वर्षांच्या सवयीनं म्हटलं. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर ती मुलगी आणि तिचं रोपटं. वर पंख्याला एक बारीक आवाज येत होता, बेअरिंगचा, आणि त्याचा कान आपोआप तिकडे गेला, गळती शोधायला जायचा तसा. दोनशे अकरा गोल. प्रत्येक गोल कुठे काढला ते त्याला आठवत होतं. रंगखात्याच्या मागचा, ज्याला शिडी लावायला लागली. रात्रपाळीच्या मुकादमानं पुसून टाकलेला, तो पुन्हा काढलेला. वाफ खरोखर थांबली होती, त्यानं कानांनी ऐकलं होतं तिचं थांबणं. मग ती गेली कुठे? थांबवली तेवढीच दुसरीकडून कुठून तरी सुटत असेल, नळ जुने झाले, बॉयलर जुना झाला. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटेलच, असं त्यानं मनात नोंदवूनही ठेवलं. पण आत्ता वाटत होतं ते फक्त हलकेपण, सकाळी ओट्यापाशी हातात आलं होतं तसलं, वजनाच्या जागी वजन नसण्याचं. आता काहीतरी करायचं होतं. उद्या सही करायची किंवा करायची नाही. तो एवढंच म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का?"

सत्यभामाबाई पाणी आणायला उठल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. "काहून खोटं बोलता हो तोंडावर?" त्या म्हणाल्या. नत्थुजी म्हणाले, "तू मंधात बोलू नोको." "बोलन नाई त काय! साहेब, हा मानूस त्या साली घरी येऊन मले म्हने, साहेबानं नारळावर बंदी घातली. मी म्हनलं, मंग? त म्हने, मंग काय, खालून बांधला. पत्र्याच्या मांगं. जिथं साहेब वाकत नाई तिथं." नत्थुजी जमिनीकडे पाहत राहिले. "मले वाटलं चौकशी लागली," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर बी लागते म्हंतात."

"बांधला होता?" कमलाकांत म्हणाला.

"बांधलाच होता साहेब. कोनतीच साल सोडली नाई, काटा बसवला चौदा साली तवापासून. मी काय म्हंतो, बाकीच्या मशिनीले नाई बांधला तरी चालते. पन काटा हे. काट्यानं खोटं बोलू नये म्हून बांधाव लागते." कमलाकांतला हसू आलं, आणि ते इतकं आलं की त्याला तोंडावर हात धरावा लागला, सत्यभामाबाईंना वाटलं साहेबांना ऊन लागलं, त्या आता पाणी आणायला धावल्या. हसता हसताच त्याला कळलं की हे सांगणंही पुरेसं नाही. पहिल्यांदा नाही म्हणालेला माणूस आता होय म्हणतोय, साहेबाचं तोंड बघून. दोन्हींतलं खरं कोणतं? "नत्थुजी, मला खरं सांगा. मी रागावणार नाही. रागवायला आलोच नाही." नत्थुजी उठले. "चाला," ते म्हणाले, "दाखवतो."

घरामागे टिनाची खोली होती, पंप, फावडी, सिमेंटच्या अर्ध्या गोण्या. आढ्याच्या पाइपाला लाल फडक्यांची रांग टांगलेली होती. अकरा नारळ. फडकी आधीची काळी, अलीकडची थोडी लाल. "फोडाव त काट्याचे, खाता येत नाई," नत्थुजी म्हणाले. "पूर्णेत सोडाव त पूर्णेले पानी कुठी हाय? मंग लटकवले. मांगचे तीन श्याम आनून देऊन गेला. तेवढं करते लेकाचा." पण कमलाकांत नारळांकडे पाहत नव्हता. प्रत्येक नारळाला तारेनं एक पिवळं पुठ्ठ्याचं लेबल अडकवलेलं होतं, आणि ते त्याला लांबूनच ओळखू आलं. ते त्याचं लेबल होतं. काट्याबरोबरच, चौदा साली, कंपनीत नियम लागू झाला होता, आणि त्याचा मसुदा कमलाकांतनंच केला होता: बदललेल्या प्रत्येक भागाला लेबल लावावे, त्यावर बसवल्याची तारीख, काढल्याची तारीख, काढतानाची अवस्था, सही. कामगारांनी त्यावर पुष्कळ विनोद केले होते आणि मग कोणी लेबल लावलं नव्हतं. नत्थुजींनी लावलं होतं. कमलाकांतनं एक एक उलटं करून पाहिलं. पाचवं आलं. गिचमिड, निळ्या पेनात, कोळशाच्या बोटाचा ठसा शेजारी. भागाचे नाव: नारळ. बसवला: खंडेनवमी २०१८. काढला: खंडेनवमी २०१९. अवस्था: वाळला. कारण: नियमाप्रमाणे बदल. सही.

टिनाखाली भट्टीसारखं तापलं होतं, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि त्याला लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं वाटत होतं, अंग घामानं भिजलेलं, चादर थंड, आई बाहेर कोणाशी तरी बोलतेय. चार टक्के खरे होते. ते खरे होते कारण एका माणसानं त्याचा एक हुकूम मोडला होता आणि दुसरा पाळला होता, आणि मोडायचा कोणता, पाळायचा कोणता हे त्या माणसाला साहेबापेक्षा जास्त कळलं होतं. आणि त्याच वेळी, अगदी त्या निवांतपणाच्या तळाशी, आणखी एक बारकं समाधान होतं, जे त्याला फारसं आवडलं नाही: नत्थुजींचं पहिलं उत्तर खरं ठरलं असतं तर उद्या आपण सही केली असती की नसती, हे आता कधीच कळणार नव्हतं. तो प्रश्न घरात, बैठकीतल्या चिवड्यापाशीच राहून गेला होता. परत जाऊन तो विचारायची गरज उरली नव्हती.

"पन साहेब, झालं काय?" नत्थुजींनी विचारलं. कमलाकांतनं सांगितलं. नारळ कसा वाळतो, काटा कसा फसतो, दिवसाला एक ट्रक कसा हरवतो. नत्थुजी ऐकत राहिले, त्यांच्या डोळ्यांत आधी धास्ती आली, मग हिशेब आला. "म्हंजे काटा खोटं बोलत होता. माह्या नारळानं." "थोडंसं." "पन दरसाली?" "दरसाली." "सारखंच?" "जवळपास सारखंच." नत्थुजींनी खांदे उडवले. "मंग चालते ना साहेब. सारखंच खोटं बोलला त कमी झालं का वाढलं हे त बरोबरच सांगन." कमलाकांतनं त्यांच्याकडे पाहिलं. अहवालाच्या शेवटी सहा पानांचं परिशिष्ट असतं, मुंबईच्या सल्लागारांनी लिहिलेलं, कार्यपद्धतीबद्दल. त्यात हेच होतं. "नाही, पण एकूण आकडा वाढेल. सगळ्या वर्षांचा. ते लिहावं लागेल," तो म्हणाला. "लिहा," नत्थुजी म्हणाले. "माह्या नावानं लिहा. मी आता रिटायर आहो, मले कोन काय करते?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "आत्ता तोंड फुटलं बुढ्याले." शेजारच्या चक्कीवर दोघांनी अकराही नारळ तोलले. सगळे तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या आत निघाले. चक्कीवाल्यानं एवढंच विचारलं, "दळाचे काय?"

परतीच्या बसमध्ये गोणी पायाशी ठेवून त्यानं देवश्रीला फोन लावला. "सर, आज रविवार आहे," ती म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं, न थांबता, नारळापासून सुरुवात करून, आणि सांगताना त्याला जाणवलं की तो गळती दाखवायचा त्याच आवाजात बोलतोय, हे बघा, इथून सुटतेय. "म्हणजे सातही वर्षांची बेरीज वाढवायची," ती म्हणाली. "मुंबईला आवडणार नाही." "नाही आवडणार." "किती नारळ आहेत?" "अकरा. एक अजून काट्यावर आहे." "लेबलं आहेत?" "सगळ्यांना. सही-तारखेसकट." "सर," देवश्री म्हणाली, "मी नऊ वर्षं हे काम करतेय. मोठमोठ्या कंपन्यांत जाते. सात वर्षांपूर्वीचा पुरावा मला अजून कोणी हातात दिलेला नाही." मग ती हसायला लागली, आणि कमलाकांतही हसला, आणि कंडक्टरनं गोणीकडे बोट दाखवून विचारलं, "लगेज आहे का हो ते? काय आहे त्याच्यात?" "कोळसा," कमलाकांत म्हणाला, आणि मग म्हणाला, "नाही, नाही, नारळ आहेत." कंडक्टरनं दोन्ही उत्तरं ऐकून तिकीट फाडण्याचा नाद सोडला. मूर्तिजापूर गेलं. खिडकीतून वारा येत होता, त्याला दिवसभराच्या उन्हाचा वास होता, आणि कमलाकांत बडनेऱ्यापर्यंत तोंड उघडं ठेवून झोपला.

दार चारुशीलानं उघडलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग गोणीकडे. त्यानं गोणी स्वयंपाकघरात नेली आणि ओट्यावर एक एक नारळ काढून ठेवला, लेबलं वर करून. ती मोजत होती. "अकरा," ती म्हणाली. "मी एक सांगितला होता." "हो." "कुठून आणलेत?" "अकोल्याहून." तिनं त्यातला एक उचलला, काळं फडकं दोन बोटांनी बाजूला केलं आणि कानाशी धरून हलवला. आत सुटलेलं खोबरं खडखडलं. दुसरा उचलला, हलवला. तिसरा. मग तो तसाच हातात धरून तिनं त्याच्याकडे पाहिलं, सत्तावीस वर्षांच्या साचलेल्या सगळ्या संयमानं.

"एकूण एक वाळलेले," ती म्हणाली. "घेताना बघून नाही घेता येत?"

"बघूनच घेतलेत," कमलाकांत म्हणाला, आणि २०१८ च्या लेबलाचा तो पाचवा नारळ त्यानं तिच्या हातातून हळूच काढून घेतला.